पिराजीनं शर्यतीला माणसं जमवली

काजळवाडी नावाच्या गावात पिराजी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात, पण ती अधूनमधून शहाण्यासारखीही वागतात. पिराजी बारा महिने भोळा होता. सांगाल ते करायचा, आणि जेवढं सांगाल तेवढंच करायचा. बायको म्हणायची, "अहो, दूध उतू जातंय का तेवढं बघा." पिराजी चुलीपुढं मांडी घालून बसायचा आणि बघायचा. मग मागल्या दारी जाऊन सांगायचा, "गेलं."

या पिराजीचा एक भाचा होता, केरबा. अंगानं काटकुळा, पण पळायला लागला की त्याची सावली मागं राहून धापा टाकायची. त्याला पळायला शिकवलं होतं लोखंडे बाईंनी. बाई गावच्या शाळेत खेळ शिकवायच्या. गुडघा कामातून गेला होता, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, त्या संध्याकाळी मैदानावर पळण्याची शर्यत लावायच्या. चुन्याच्या रेघा आखायच्या, शेवटाला लाल फीत बांधायच्या. शेजारच्या हिरेबेळ गावचा बसाप्पा यायचा. केरबा आणि तो असे पळायचे, की घटकेत हा पुढं, घटकेत तो पुढं.

बघायला मात्र दोघंच. पिराजी आणि मैदानात चरणारी एक म्हैस. म्हशीचंही तोंड पलीकडं असायचं.

कुस्ती असली की गाव लोटायचं. क्रिकेट असलं की पोरं झाडावर चढून बसायची. पळण्याच्या शर्यतीचं नाव काढलं की लोक म्हणायचे, "पळणं काय बघायचं? एस.टी. चुकली की आम्ही रोज पळतोय."

एक दिवस सरपंच आनंदाअण्णा बाईंकडं आले. म्हणाले, "बाई, मैदान क्रिकेटवाली पोरं मागायला लागल्यात. तुमची शर्यत तर कोण बघत न्हाई. आता असं करू. जत्रेच्या दिवशी शर्यत लावा. मैदान माणसांनी भरलं तर तुमचं. न्हाई भरलं तर त्यांचं."

केरबाचं तोंड उतरलं. मैदान गेलं तर पळायचं कुठं? बांधावरनं पळायचं तर एक पाय वाटेत आणि दुसरा कुणाच्या तरी वांग्यात. बाईंनी गावात मदत मागून बघितली. सगळ्यांना कामं होती. पिराजीला नव्हती.

"बाई, काय करू सांगा," पिराजी म्हणाला. "केरबासाठी मी काय पण करतो."

बाई म्हणाल्या, "फार काही नको. येत्या सोमवारी बाजारातली माणसं मैदानाकडं ओढून आण."

"आणतो की."

सोमवारी पिराजीनं गोठ्यातला कासरा घेतला आणि बाजारात गेला. चहाच्या गाड्यावर एक म्हातारबा बशीत चहा ओतत होते. पिराजीनं त्यांच्या कमरेला कासरा बांधला आणि ओढलं. बशी गाड्यावर राहिली, म्हातारबा निघाले. पुढं न्हाव्याच्या दुकानात सखाराम तलाठी खुर्चीवर बसले होते. एक गाल झाला होता, एक व्हायचा होता. पिराजीनं त्यांनाही कासऱ्यात घेतलं. न्हावी वस्तरा घेऊन मागनं आला, कारण दुसरा गाल त्याच्याकडं होता.

मैदानावर पोचेपर्यंत कासऱ्याला सहा माणसं झाली होती. त्यांनी शर्यत बघितली नाही. त्यांनी पिराजीला बघितलं. चांगलंच बघितलं. म्हातारबांनी तर काठीनं बघितलं.

बाईंनी मधे पडून त्याला सोडवला. "अरे पिराजी, माणसांना दोरी लावतात होय? दोरी लावली की माणूस बिथरतो. दोरीबिरी काही लावायची नाही. मोकळं सोडायचं. आणि माणसं जमवायची तर आधी हवा करायची असते. हवा झाली की माणसं आपोआप येतात."

"असं आधी सांगायचं, बाई," पाठ चोळत पिराजी म्हणाला. घरी जाताना तो वाटभर घोकत गेला. दोरी लावायची न्हाई. मोकळं सोडायचं. हवा करायची.

पुढच्या सोमवारी त्यानं पाटलांच्या खळ्यावरनं उफणणीचा पंखा आणला. हा एवढा मोठा पंखा, इंजिनावर चालणारा. तो त्यानं मैदानाच्या कडेला लावला. मग त्याचं लक्ष शेवटाला बांधलेल्या लाल फितीकडं गेलं. ही तर दोरीच की. बाई कामात विसरल्या असतील. त्यानं फीत सोडली, नीट गुंडाळली आणि खिशात घातली.

बाईंनी शिट्टी फुंकली. केरबा आणि बसाप्पा निघाले. पिराजीनं इंजिन सुरू केलं.

आता, पंख्याच्या पुढं मैदान होतं हे खरं. पण पंख्याच्या अगदी पुढं मिरचीवाल्या आक्कांनी ताडपत्रीवर तिखट मांडलं होतं. ते उठलं. लाल ढग झाला आणि मैदानावरनं पळणाऱ्यांच्या मागं निघाला. केरबानं डोळे मिटले. बसाप्पानं डोळे मिटले. दोघं शिंकत पळत होते. फीत छातीला लागली की थांबायचं, एवढं दोघांना ठाऊक होतं. फीत काही लागेना. ते पळत राहिले. मैदान संपलं, रस्ता संपला, ऊस लागला. उसात ते शिरल्याचं शिंकांवरनं कळलं. पुढं शिंकाही ऐकू येईनात.

अंधार पडायच्या आत दोघं पाटाच्या पाण्यात तोंड धुताना सापडले.

बाईंचे डोळे लाल झाले होते, ते तिखटानं की रागानं ते पिराजीला कळलं नाही. "फीत का काढलीस?"

"दोरी लावायची न्हाई म्हणालासा."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, जिथं शेवट आहे तिथं शेवट कळायला नको का लोकांना? फीत पडली की तिथं उभं राहायचं आणि मोठ्यानं ओरडायचं, 'संपलं'. म्हणजे सगळ्यांना कळतं. आणि हवा म्हणजे वारा नव्हे रे. लोकांनी धावणाऱ्याचं नाव घेतलं पाहिजे. चार माणसं जमतात तिथं जावं, केरबाचं नाव काढावं. एकानं नाव घेतलं की दुसरा घेतो."

"असं आधी सांगायचं, बाई."

चार माणसं कुठं जमतात? पिराजीनं पुष्कळ विचार केला. त्याच आठवड्यात पोस्टमन गोविंदरावांच्या मुलीचं लग्न होतं. तिथं चारच काय, चारशे माणसं जमली होती. पिराजी धुतलेलं धोतर नेसून गेला आणि पुढं जाऊन उभा राहिला.

मंगलाष्टका झाल्या. भटजींनी शेवटचं "सावधान" म्हटलं आणि अंतरपाट खाली पडला. पिराजीनं बघितलं, फीत पडली. तो मांडवाच्या मधोमध आला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "संपलं."

वाजंत्रीवाल्याची सनई तोंडातच राहिली. नवऱ्याकडची एक म्हातारी रडायला लागली, कारण तिला ऐकू कमी यायचं आणि एवढंच नेमकं ऐकू आलं होतं. शेवटी नवऱ्याचे काका म्हणाले, "बरोबर आहे. माझंही असंच झालं होतं." लोक हसले आणि ती वेळ निभावली.

पिराजीला वाटलं, काम चांगलं चाललंय. आता नाव तेवढं राहिलं.

पंगत बसली. नवऱ्याला घास भरवायची वेळ आली. बायका म्हणाल्या, "नाव घे गं, नाव घे." पोरगी लाजाळू. आठवडाभर पाठ केलेला उखाणा ऐन वेळी विसरली. खाली मान घालून बसली. पिराजी तिच्या मागंच उभा होता. तो वाकून हळूच म्हणाला, "मी सांगतो, म्हण." पोरीला वाटलं, कुणीतरी आपल्याकडचे काका आहेत. तिला हायसं वाटलं. पिराजी सांगत गेला आणि ती म्हणत गेली,

"चांदीच्या वाटीत तुळशीचं पान, केरबा पळतो वाऱ्यासमान."

नवऱ्याचं नाव दत्ताजीराव होतं.

दत्ताजीरावांनी उघडलेलं तोंड मिटलं. वरमाईनं विचारलं, "केरबा कोण?"

केरबा पंगतीत बुंदी वाढत होता. नाव ऐकून त्यानं बादली खाली ठेवली आणि हात वर केला. "मी. कुणाला बुंदी पाहिजे?"

त्यानंतर बराच वेळ बुंदी कुणालाच नको होती. गोविंदरावांनी हात जोडले, बाईंना बोलावून आणलं, बाईंनी सगळं समजावून सांगितलं. मुलीनं दत्ताजीरावांचं नाव तीनदा घेतलं, तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं.

बाई पिराजीला मांडवाबाहेर घेऊन आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, कारण चढवायला तो उरलाच नव्हता. "पिराजी, चारचौघांत कसं वागावं हे तुला कुणी शिकवलं नाही का? 'सावधान' ऐकलं की अक्षता टाकाव्यात. मग गुपचूप पंगतीत जाऊन बसावं. शेजारच्याला म्हणावं, या, बसा. संपला विषय. दुसरं काही करायचं नाही."

पिराजीला वाईट वाटलं. बाई सांगतात त्यातलं एक अक्षर तो टाकत नव्हता. तरी काहीतरी हुकत होतं. यावेळी हुकू द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं.

सोमवारी केरबा आणि बसाप्पा रेघेवर शेजारी शेजारी उभे राहिले. लग्नाची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळं पाच-पन्नास माणसं सहज म्हणून आली होती. बाईंनी हात वर केला. "जागा घ्या. सावधान."

पिराजीनं खिशातनं मूठ काढली आणि दोघांवर अक्षता टाकल्या.

गाव क्षणभर बघत राहिलं. मग कुणीतरी मागनं शेंगदाणे टाकले. बाजारातनं परत चाललेल्या बायकांनी पिशवीत होते ते तांदूळ टाकले. जत्रेसाठी सराव करत बसलेल्या ताशेवाल्यांना वाटलं, आपली वेळ झाली. त्यांनी ताशा धरला. बसाप्पा केरबाकडं बघून म्हणाला, "आता काय, मी तुझ्या घरी यायचं का तू माझ्या?"

बाईंनी कशीबशी शिट्टी फुंकली आणि दोघं सुटले. पण पिराजीचं अजून राहिलं होतं. त्यानं काखेतली पत्रावळ काढली, पळायच्या वाटेवर मांडली आणि मांडी घालून बसला. शेजारून जाणाऱ्या म्हातारबांना म्हणाला, "या, बसा." म्हातारबा चहाच्या गाड्यावरचेच. मोफत जेवण दिसल्यावर त्यांनी मागचं मनात ठेवलं नाही. ते बसले. त्यांच्याशेजारी सखाराम तलाठी बसले. बघता बघता वाटेवर आडवी पंगत बसली.

केरबा वळण घेऊन आला तो समोर पंगत. थांबायला वेळ नव्हता. त्यानं उडी मारली. तलाठ्यांच्या डोक्यावरनं गेला. मागनं बसाप्पा आला, तो म्हातारबांच्या डोक्यावरनं गेला. म्हातारबांची टोपी त्याच्या पायाला लागून बरोबर गेली. लोकांनी टाळ्या पिटल्या. असली शर्यत त्यांनी जन्मात बघितली नव्हती.

पुढच्या सोमवारी मैदानाच्या कडेला भेळेची गाडी लागली. त्याच्या पुढच्या सोमवारी क्रिकेटवाली पोरंसुद्धा आली. बाईंना आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्यांनी नीट बघितलं तर माणसं पळणाऱ्यांकडं बघत नव्हती. सगळ्यांचे डोळे पिराजीवर होते. केरबा जिंकून आला तरी लोक विचारायचे, "पिराजी आज काय करणार?"

जत्रेच्या आदल्या दिवशी बाईंनी पिराजीला बोलावलं. सरपंचही तिथंच पानाला चुना लावत बसले होते.

"पिराजी, उद्या तू काही एक करायचं नाहीस," बाई म्हणाल्या. "ओढायचं नाही, ओरडायचं नाही, टाकायचं नाही, बसायचं नाही. फक्त फितीचं एक टोक धरायचं. दुसरं टोक बांबूला बांधलेलं असेल. काही झालं, कुणी काही म्हटलं, तरी फीत सोडायची नाही. जमेल?"

"जमंल की, बाई."

मग बाई सरपंचांकडं वळल्या. "अण्णा, लोकांना शर्यतीची गोडी का नाही ते सांगू? बसायला जागा बघेपर्यंत शर्यत संपलेली असते. कुस्ती कशी तासभर चालते. आपला शेवट जरा लांबला पाहिजे. कोण जिंकणार ते अखेरपर्यंत कळता कामा नये. मग बघा, माणूस मैदान सोडून जाणार नाही."

सरपंचांनी पान तोंडात टाकलं आणि मान हलवली. पिराजीनंही मान हलवली.

जत्रेच्या दिवशी मैदान भरलं. झाडं भरली, शाळेची कौलं भरली. पैलवान आले, फुगेवाले आले, बायका लेकरं घेऊन आल्या. हिरेबेळचं निम्मं गाव बसाप्पासाठी आलं. सरपंच हातात चांदीची ढाल घेऊन व्यासपीठावर उभे राहिले. बाईंना हुंदका आला, तो त्यांनी शिट्टीत फुंकला.

दोघं सुटले. मैदानाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत बसाप्पा पुढं होता. दुसऱ्या फेरीत केरबानं त्याला गाठलं. कुणीही पिराजीकडं बघत नव्हतं. सगळं गाव त्या दोघांकडं बघत होतं. शेवटच्या वळणावर दोघं खांद्याला खांदा लावून आले. लोक उठून उभे राहिले. आजवर कुस्तीलासुद्धा असे उभे राहिले नव्हते.

पिराजी फीत धरून उभा होता. केरबा आणि बसाप्पा त्याच्या रोखानं येत होते. आता चार पावलं राहिली, आता तीन. पिराजीनं भेळेच्या गाडीकडं बघितलं. आत्ताच तर लोक बसले होते. भेळवाल्यानं अजून कांदासुद्धा चिरला नव्हता. आणि एवढ्यात शेवट होणार.

त्यानं बांबू उपटला, खांद्यावर घेतला आणि फितीसकट पळत सुटला.

केरबा आणि बसाप्पाला थांबता येईना. फीत छातीला लागल्याशिवाय शर्यत संपत नाही, हे बाईंनीच शिकवलेलं. ते फितीच्या मागं पळाले. बाई जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकायला लागल्या. आता, शिट्टी वाजली की पळायचं असतं हे पिराजीला इतक्या सोमवारांत पाठ झालं होतं. तो आणखी जोरात पळाला.

फीत देवळामागं वळली. लोकांना दिसेना. "कोण पुढं हाय?" झाडाखालच्यांनी झाडावरच्यांना विचारलं. झाडावरच्यांना सांगता येईना, म्हणून ते खाली उतरले आणि बघायला पळाले. मग झाडाखालचे पळाले. पैलवान पळाले. क्रिकेटवाली पोरं बॅटी घेऊन पळाली. ताशेवाले वाजवत पळाले. फुगेवाला पळाला, कारण गिऱ्हाईक पळालं. मिरचीवाल्या आक्का पळाल्या, कारण पिराजी कुठंही पळत असला तरी त्याच्यावर नजर ठेवलेली बरी असं त्यांचं मत झालं होतं. सरपंच घटकाभर थांबले. पण ढाल त्यांच्या हातात होती आणि ती जिंकणाऱ्याला द्यायची होती. शेवटी धोतर खोचून तेही पळाले.

धूळ खाली बसली तेव्हा मैदानावर लोखंडे बाई एकट्या होत्या. आणि ती म्हैस.

दिवस कलल्यावर माणसं परत यायला लागली. कुणी लंगडत आलं, कुणी ट्रॅक्टरवर बसून आलं. केरबा आणि बसाप्पा एकमेकांच्या गळ्यात हात टाकून आले. "ओढ्यापर्यंत आम्ही मामाच्या मागं हुतो," केरबा म्हणाला. "पुढं मामा दिसंना. मग पाणी प्यालो आणि बसलो."

सरपंच बैलगाडीतनं आले. ढाल पोटावर ठेवून आडवे पडले होते. उठून बसले आणि म्हणाले, "बाई, मैदान भरलं होतं खरं. पण रिकामं झालं की."

"रिकामं झालेलं तुम्ही बघितलंत?" बाईंनी विचारलं.

"मी कुठनं बघणार? मी पळत हुतो."

"मग कुणी बघितलं?"

सरपंचांनी पैलवानांकडं बघितलं. पैलवान पळत होते. क्रिकेटवाल्या पोरांकडं बघितलं. ती पोटऱ्या चोळत होती. ती तर सगळ्यांत पुढं पळत होती. त्यांच्यातला एक जण तर विचारत होता, "बाई, पुढची शर्यत कवा हाय? आमचं नाव घाला."

"मी होते इथं," बाई म्हणाल्या. "पण मी सांगणार नाही."

सरपंचांनी धोतरानं ढाल पुसली. मग म्हणाले, "ठेवा मैदान. पण ही ढाल कुणाला द्यायची तेवढं सांगा. केरबा म्हणतोय बसाप्पा पुढं हुता, बसाप्पा म्हणतोय केरबा. बाकीच्यांना धुळीत काही दिसलं न्हाई."

तेवढ्यात पिराजी आला. खांद्यावर बांबू तसाच होता. लाल फीत मुठीत गच्च धरलेली होती. अंगावर तीन गावांची धूळ होती. गाव त्याच्याभोवती गोळा झालं. तो थेट बाईंपुढं येऊन उभा राहिला.

"बाई, सोडली न्हाई," तो म्हणाला. "शेवट पण लांबवला. आणि अखेरपर्यंत कुणाला कळू दिलं न्हाई."

बाईंनी मोठा श्वास घेतला. "ते राहू दे. आता एकच सांग. शर्यत जिंकली कुणी?"

पिराजीनं थोडा विचार केला.

"ते मला कसं ठाऊक असंल, बाई," तो म्हणाला. "सगळी माझ्या मागं हुती."